मनगटातल्या सहा वाटा

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्ग शहरात विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीचा हात त्या किरणांखाली ठेवला आणि पुढे जगभर गाजलेलं ते चित्र तयार झालं: बोटांची हाडं आणि एका हाडाभोवती अंगठी. हात ज्यांच्या जोरावर हलतो त्यांतलं काहीच त्या चित्रात उमटलं नव्हतं. स्नायू, कंडरा आणि कंडरांवरची आवरणं यांच्यातून किरण जवळजवळ न अडता आरपार निघून गेले होते.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये फ्रिट्झ डी क्वेर्वेन नावाच्या २७ वर्षांच्या सर्जनने पाच रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. तक्रार सगळ्यांची एकच. अंगठ्याच्या मुळापाशी, मनगटाच्या कडेला दुखायचं आणि अंगठा वापरला की कळ वर चढायची. दुखणं हाडात नाही, सांध्यातही नाही, अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन कंडरांच्या सामाईक आवरणात आहे, असं डी क्वेर्वेन यांनी नेमकं दाखवून दिलं. हे आवरण त्यांना कुठल्याही चित्रात दिसत नव्हतं. जवळ होतं ते शरीररचनेचं ज्ञान, दाबून पाहणारी बोटं आणि शेवटी चाकू. हेच गृहस्थ पुढे बर्नमध्ये थिओडोर कोखर यांच्या जागी आले आणि गलगंडावर आयोडीनयुक्त मिठाचा आग्रह धरणाऱ्यांत अग्रभागी राहिले. तरी जगातल्या अस्थिरोगाच्या ओपीडीत त्यांचं नाव रोज घेतलं जातं ते मनगटाच्या या आजारामुळे.

कंडरेच्या आवरणाची सूज समजायची तर आधी हे आवरण कशासाठी असतं ते पाहावं लागेल. बोटं हलवणारे मोठे स्नायू हाताच्या पंज्यात नसतात, ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून त्यांच्या चिवट पांढऱ्या कंडरा मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. मनगट वाकलं की या कंडरा ताणलेल्या दोरीप्रमाणे हाडापासून सुटून वर उचलल्या जायला हव्यात. तसं होत नाही, कारण ठरावीक जागी आडवे, जाड पट्टे त्यांना हाडाशी धरून ठेवतात. लेंग्याच्या नेफ्यातून नाडी जाते तशी कंडरा या पट्ट्याखालून जाते. पण नाडी दिवसातून दोनदा सरकते आणि कंडरा हजारो वेळा. एवढं घासूनही ती झिजत नाही, कारण पट्ट्याखालून जाताना तिच्याभोवती दुपदरी अस्तर असतं. एक पदर कंडरेला चिकटलेला, दुसरा भोगद्याच्या भिंतीला, आणि दोहोंच्या मध्ये वंगणाचा अगदी पातळ थर. निरोगी माणसात हा थर इतका पातळ असतो की सोनोग्राफीत तो बहुतेक वेळा दिसतच नाही.

मनगटाच्या पाठच्या बाजूला असे सहा भोगदे आहेत. वैद्यकीय विद्यार्थी अंगठ्याकडून करंगळीकडे त्यांना क्रमांक देऊन पाठ करतात. पहिल्यातून अंगठा बाहेर नेणारी आणि तो सरळ करणारी अशा दोन कंडरा जातात, हा डी क्वेर्वेन यांचा भोगदा. दुसऱ्यातून मनगट मागे वळवणाऱ्या दोन. तिसऱ्यातून अंगठ्याची लांब कंडरा, जी हाडाच्या एका उंचवट्याला वळसा घालून तिरकी जाते. चौथ्यात बोटं उघडणाऱ्या कंडरांचा जुडगा, पाचव्यात करंगळीची, आणि सहाव्यात मनगट करंगळीकडे वळवणारी एकटी कंडरा. तळव्याच्या बाजूची व्यवस्था वेगळी आहे. तिथे बोटं मिटणाऱ्या कंडरा एका मोठ्या पट्ट्याखालून जातात, आणि पुढे प्रत्येक बोटात त्यांना स्वतंत्र आवरण आणि छोटे छोटे पट्टे असतात. बोट मिटल्यावर अडकतं आणि उघडताना खट्कन सुटतं, तो ट्रिगर फिंगरचा आजार यातल्याच पहिल्या पट्ट्यापाशी होतो. अल्फोन्स नोट्टा या फ्रेंच डॉक्टरने त्याचं वर्णन १८५० सालीच केलं होतं.

या रचनेत बिघाड तीन वाटांनी येतो, आणि तिन्हींचे उपचार इतके वेगळे आहेत की त्यांची गल्लत झाली तर रुग्णाचं नुकसान होतं. पहिली वाट घासण्याची, अतिवापराची. दुसरी शरीरात इतरत्रही चालू असलेल्या संधिवाताची. तिसरी जंतूंची.

पहिल्या प्रकाराला आपण सवयीने सूज म्हणतो, पण तिथे चित्र थोडं निराळं आहे. डी क्वेर्वेनच्या आजारात शस्त्रक्रियेत काढलेले पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत. सापडतो तो जाड झालेला पट्टा आणि त्याच्या धाग्यांमध्ये साचलेला बुळबुळीत पदार्थ. म्हणजे कंडरा पेटलेली असतेच असं नाही. तिचा भोगदा आतून अरुंद झालेला असतो. हे लक्षात घेतलं की नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी कित्येकांना तात्पुरताच आराम का पडतो ते कळतं.

हा आजार बाळंतिणींमध्ये फार दिसतो. बाळाला उचलताना दोन्ही अंगठे ताणून फाकवले जातात, त्याच्या काखेखाली जातात आणि मनगट वाकलेल्या स्थितीत सगळं वजन त्यांच्यावर येतं. दिवसाकाठी हे किती वेळा होतं याची गणती कोणी करत नाही. गरोदरपणातले आणि प्रसूतीनंतरचे अंतःस्रावांमधले बदलही त्याला हातभार लावतात. घरात मात्र याला ‘हात लचकला असेल’ किंवा ‘वात धरला’ म्हणतात, तेल चोळतात, आणि बाई त्याच हाताने बाळाला घेत राहते. हे दुखणं खरं आहे, त्याला नाव आहे आणि बहुतेक वेळा ते बरं होतं, एवढं जरी घरच्यांना वेळेवर कळलं तरी खूप काही साधेल. धुणं पिळणाऱ्या बायकांच्या मनगटाची ही व्यथा ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या विख्यात ग्रंथाच्या १८९३ च्या आवृत्तीतही नोंदलेली आहे. बायकांच्या कामाशी ती किती जुनी जोडलेली आहे ते यावरून दिसतं.

निदानाची पहिली पायरी हातानेच होते. न्यूयॉर्कचे हॅरी फिंकेलस्टाइन यांनी १९३० मध्ये सांगितलेली चाचणी आजही सर्वत्र वापरतात: डॉक्टर रुग्णाचा अंगठा धरतो आणि पंजा करंगळीच्या दिशेला झटक्याने वळवतो. मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकाशी तीव्र कळ उठली तर चाचणी सकारात्मक. मात्र अंगठा मुठीत घेऊन मनगट वाकवायचा जो प्रकार व्हॉट्सॲपवर ‘घरच्या घरी करून पाहा’ म्हणून फिरतो, तो फिंकेलस्टाइन यांचा नाही. तो त्यांच्या आधी आयखहॉफ यांनी वर्णन केला होता आणि निरोगी माणसालाही त्यात दुखू शकतं. त्याच्या जोरावर स्वतःचं निदान करून घेऊ नये.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. तरुण बाळंतीण आहे, दुखणं नेमक्या एका जागी आहे, चाचणी ठळकपणे सकारात्मक आहे, तर चित्राची घाई नको. मनगटाला अंगठ्यासकट आधार देणारा पट्टा, थोडी विश्रांती आणि उचलण्याच्या पद्धतीत बदल, एवढ्यावर सुरुवात करता येते. चित्र लागतं ते शंका असेल तेव्हा. दुखणं खरोखर आवरणातच आहे, की शेजारच्या सांध्यात? आवरणात असेल तर कारण कोणतं? आणि सुई टोचायची तर नेमकी कुठे? या तीन प्रश्नांपैकी एकही मनात नसताना काढलेलं चित्र पुष्कळदा गोंधळच वाढवतं.

साध्या एक्स-रेने आवरण दिसत नाही, तरीही तो निरुपयोगी नाही. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला असेल तर तो जवळजवळ त्याच जागी दुखतो, आणि पन्नाशीपुढच्या बाईत या दोहोंची गल्लत सहज होते. पडल्यानंतर नौकेच्या आकाराच्या छोट्या हाडाला गेलेला तडाही तिथेच दुखतो. एक्स-रे या दोन शक्यता पुढे आणतो किंवा मागे सारतो. त्याच्याकडून याहून जास्त मागू नये.

आवरण पाहायचं तर सोनोग्राफी. पोटाच्या सोनोग्राफीत साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतात, कारण तो खोलवर पोचतो. मनगटाच्या कंडरा त्वचेखाली काही मिलिमीटरवर असतात, तिथे १० ते १८ मेगाहर्ट्झचा सपाट तोंडाचा प्रोब लागतो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरला तर १८ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ०.०९ मिलिमीटरच्याही आत येते. म्हणून वरवरच्या कंडरेचे बारकावे सोनोग्राफीत अनेकदा एमआरआयपेक्षाही स्वच्छ दिसतात. पोटासाठी ठेवलेला प्रोब मनगटावर फिरवून दिलेला ‘नॉर्मल’ रिपोर्ट मात्र फारसा भरवशाचा नसतो.

पहिल्या भोगद्याची तपासणी कशी होते ते जवळून पाहू. रुग्ण समोर बसतो. हात टेबलावर करंगळीच्या कडेवर टेकवलेला, अंगठा वर. जेल भरपूर घेतात, कारण प्रोब त्वचेवर दाबायचा नसतो, जेलच्या थरावर तरंगत ठेवायचा असतो. प्रोब हाडाच्या टोकावर आडवा ठेवला की पडद्यावर हाडाची पांढरी कमान उमटते, तिच्या खाचेत दोन छोटे लंबगोल दिसतात आणि त्यांच्यावर पट्ट्याची बारीक रेघ. हे दोन लंबगोल म्हणजे कापून पाहिलेल्या कंडरा. निरोगी कंडरेत बारीक ठिपके दाटीने भरलेले असतात. प्रोब उभा वळवला की तेच ठिपके एकमेकांना समांतर धाग्यांमध्ये बदलतात. आजारी भोगद्यात पट्ट्याची रेघ फुगून काळसर आणि जाड झालेली दिसते, कंडरा सुजून गोल झालेल्या असतात आणि क्वचित त्यांच्याभोवती द्रवाचं काळं कडं असतं. मग रुग्णाला अंगठा हलवायला सांगतात. निरोगी बाजूला कंडरा पट्ट्याखालून सहज पुढेमागे जाते. आजारी बाजूला ती अडखळताना पडद्यावर दिसते आणि त्याच क्षणी रुग्णाच्या कपाळावर आठी येते. पडद्यावरचा बिघाड आणि रुग्णाची वेदना एकाच जागी, एकाच वेळी जुळणं ही सोनोग्राफीची मोठी ताकद आहे. यंत्रात शिरून स्थिर पडून राहायच्या एमआरआयला ती सहसा साधत नाही.

याच तपासणीत आणखी एक शोध लागतो आणि तो उपचारांची दिशा ठरवतो. काही माणसांत पहिला भोगदा एक नसून दोन असतात. दोन कंडरांच्या मध्ये एक उभा पडदा असतो, त्याच्याखाली हाडावर छोटा कंगोराही असू शकतो, आणि अंगठा बाहेर नेणाऱ्या कंडरेचे दोनतीन पदर असतात. बऱ्याचदा आजार यातल्या एकाच कप्प्यात, अंगठा सरळ करणाऱ्या बारक्या कंडरेच्या कप्प्यात असतो. असा पडदा असताना आंधळेपणाने दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन शेजारच्या निरोगी कप्प्यात जातं आणि ‘इंजेक्शनचाही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार घेऊन रुग्ण परत येतो.

आता सोनोग्राफी फसवते कशी, तेही पाहायला हवं. कंडरेचे धागे समांतर असल्याने ध्वनी त्यांच्यावर काटकोनात पडला तरच तो नीट परत येतो. प्रोब थोडा जरी तिरका झाला की प्रतिध्वनी दुसरीकडे जातो आणि निरोगी कंडरा पडद्यावर काळी पडते. नवख्याला ती फाटलेली किंवा सुजलेली वाटते. अनुभवी हात अशा वेळी प्रोब किंचित डोलवतो. काळेपणा प्रोबच्या कोनासोबत गेला तर तो आभास, आणि कुठल्याही कोनातून राहिला तर आजार. मनगटाच्या पट्ट्याची कडही अशीच काळी दिसून आवरणाच्या सुजेचा भास घडवते. म्हणून २००५ साली ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाच्या तज्ज्ञांनी सोनोग्राफीतल्या आवरण-सुजेची व्याख्या ठरवली, तेव्हा बदल एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन प्रतलांत दिसलाच पाहिजे, ही अट त्यांनी घातली. आवरणात जाड झालेलं काळसर ऊतक हवं, द्रव असो वा नसो, आणि त्यात रक्तप्रवाहाचा संकेत मिळू शकतो, असं ती व्याख्या सांगते.

रक्तप्रवाहाचा तो संकेत पॉवर डॉप्लर या सोनोग्राफीच्याच पद्धतीने मिळतो. सुजलेल्या अस्तरात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि पडद्यावर केशरी ठिपके चमकू लागतात. संधिवाताच्या रुग्णात औषध लागू पडतंय की नाही, हे या ठिपक्यांवरून पाहता येतं. पण प्रोब जरा जोरात दाबला की या वाहिन्या चेपतात आणि ठिपके नाहीसे होतात. जेल भरपूर घ्यायचं कारण हेच. द्रव आणि जाड अस्तर यांतला फरक मात्र दाबूनच कळतो. द्रव प्रोबखालून बाजूला सरकतो, अस्तर जागेवर राहतं.

पडद्यावर आवरणात द्रव दिसला म्हणजे आजार आहे, असं समजणं ही सर्वांत मोठी चूक, आणि तिच्यापायी अनेकांना नाहक औषधं घ्यावी लागतात. खांद्यातल्या बायसेप्सच्या कंडरेचं आवरण मुळात खांद्याच्या सांध्याच्याच अस्तराचा पुढे आलेला भाग आहे. सांध्यात पाणी झालं की ते तिथे उतरतं. कंडरा बिचारी धडधाकट असते. घोट्यामागून पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या कंडरेचं आवरण काही माणसांत घोट्याच्या सांध्याला जोडलेलं असतं, तिथेही तेच. घोट्याच्या आतल्या बाजूच्या कंडरेभोवती थोडासा द्रव निरोगी माणसातही सापडतो. आणि टाचेच्या जाड कंडरेला असं अस्तरच नसतं. तिच्याभोवती सूज येते ती वेगळ्या, सैल वेष्टनाची. त्यामुळे टाचेच्या कंडरेबद्दल रिपोर्टमध्ये ‘टेनोसायनोव्हायटिस’, म्हणजे आवरणाची सूज, असं लिहिलेलं दिसलं, तर डॉक्टरांना पुन्हा विचारायला हरकत नाही.

एमआरआय कधी? दुखणं खोल असेल, तळव्याच्या बाजूला सगळीकडे सूज पसरली असेल, गाठ असल्याची शंका असेल, किंवा कारणच उमगत नसेल तेव्हा. मनगटाच्या एमआरआयसाठी काही ठिकाणी रुग्णाला पालथं झोपवून दुखरा हात डोक्यावरून पुढे ताणायला लावतात, म्हणजे मनगट चुंबकाच्या मध्यभागी येतं. मनगट दुखत असताना अर्धा तास असं पडून राहणं सोपं नसतं. ते आधी माहीत असलेलं बरं.

चित्रात निरोगी कंडरा काळी दिसते, कारण तिच्यातलं पाणी कोलॅजेनच्या धाग्यांना इतकं घट्ट बांधलेलं असतं की त्याचा संकेत क्षणार्धात विरतो. आवरणात साचलेला मोकळा द्रव पाणी दाखवणाऱ्या प्रतिमांत पांढराशुभ्र चमकतो, त्यामुळे काळ्या कंडरेभोवतीचं पांढरं कडं नवख्यालाही दिसतं. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की सुजलेलं अस्तर रंग धरतं आणि नुसतं पाणी धरत नाही, त्यामुळे दोन्ही वेगळं करता येतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे इंजेक्शन देण्याआधी विचार करावा लागतो, म्हणून तसा आजार असल्यास तंत्रज्ञाला आवर्जून सांगावं.

कोनाची फसवणूक इथेही आहे आणि तिचं मूळ अगदी वेगळं आहे. कंडरेचे धागे मुख्य चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतात तिथे पाण्याच्या रेणूंमधला एक परस्परप्रभाव शून्यावर येतो, संकेत जरा जास्त काळ टिकतो आणि निरोगी काळी कंडरा अचानक उजळ दिसू लागते. हाडाला वळसा घालून जाणाऱ्या कंडरांमध्ये, घोट्यामागे किंवा मनगटातल्या तिसऱ्या भोगद्यात, हे नेमकं घडतं. संकेत टिपेपर्यंतचा काळ (एको टाइम) कमी ठेवलेल्या प्रतिमांतच तो उजळपणा येतो. काळ वाढवलेल्या प्रतिमेत तो नाहीसा झाला तर आभास ठरतो. सोनोग्राफीत ९० अंश चुकले तर कंडरा खोटी काळी पडते, एमआरआयमध्ये ५५ अंश जुळले तर ती खोटी उजळते. दोन्ही यंत्रांचं पदार्थविज्ञान जाणणाऱ्या माणसाशिवाय ही चित्रं वाचता येत नाहीत, आणि म्हणूनच एकाच हाताच्या दोन रिपोर्टांमध्ये कधी कधी तफावत पडते.

दुसऱ्या प्रकारातल्या सुजेला, संधिवाताच्या सुजेला, सोनोग्राफी आणि एमआरआय यांच्यामुळे नवं महत्त्व आलं आहे. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हाडं खायला लागण्याच्या पुष्कळ आधी कंडरांच्या आवरणांत दिसू शकतो. मनगटाच्या सहाव्या भोगद्यातली, करंगळीकडची कंडरा आणि बोटं मिटणाऱ्या कंडरा यांची आवरणं या बाबतीत विशेष बोलकी असतात. सकाळी तासभर बोटं आखडतात, एक्स-रे स्वच्छ आहे आणि रक्ताचे अहवाल काठावरचे आहेत, अशा रुग्णात आवरणांची सूज सापडली तर औषध लवकर सुरू करण्याचा निर्णय घेता येतो. चिकुनगुन्याही इथेच घर करतो. १९७३ मध्ये बार्शीला त्याची साथ आली, मग तीनेक दशकं तो जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रभर परतला. ताप उतरल्यावर महिनोन् महिने ज्यांची मनगटं आणि घोटे दुखत राहिले, त्यांच्यापैकी अनेकांना ‘मनाचे खेळ’ म्हणून बोळवण्यात आलं. अशा रुग्णांच्या सोनोग्राफीत मनगटाच्या आणि घोट्याच्या कंडरांच्या आवरणांत सूज दिसते. चित्राने त्यांचं दुखणं बरं केलं नसेल, पण ते खरं होतं हे तरी दाखवून दिलं.

जंतूंच्या बाबतीत भारतात क्षयरोग विसरून चालत नाही. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हळूहळू, महिनोन् महिने वाढणारी, फारशी न दुखणारी सूज येते. आडव्या पट्ट्याच्या वर एक फुगवटा आणि खाली एक. वरचा दाबला की खालचा फुगतो. मधूनमधून बोटांना मुंग्याही येतात, कारण त्याच वाटेने जाणारी नस चेपते. सोनोग्राफीत आवरण भरपूर जाड झालेलं दिसतं आणि द्रवात बारीक कण तरंगत असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी हे पांढरे कण हाताला येतात आणि त्यांना जगभर तांदळाचेच कण म्हणतात. एमआरआयमध्ये ते पांढऱ्या द्रवात काळसर दाण्यांच्या रूपाने दिसतात, एक्स-रेमध्ये मात्र सहसा दिसत नाहीत. आमवातातही असे कण होतात, म्हणून नुसत्या चित्रावर क्षयरोगाचा शिक्का मारता येत नाही. अस्तराचा तुकडा तपासणीला आणि कल्चरला पाठवावा लागतो. असा हात साधा अतिवापराचा समजून त्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं. पसरलेल्या सुजेत आधी चित्र आणि मग सुई, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच.

उलट, एका स्थितीत चित्रासाठी थांबूच नये. बोटात काटा, सुई, माशाचं हाड गेलं आणि एकदोन दिवसांत अख्खं बोट सुजून ताठरलं. शिकागोचे सर्जन ॲलन कॅनव्हेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाताच्या जंतुसंसर्गांचा कसून अभ्यास केला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार खुणा आजही कुठल्याही यंत्राहून वेगाने काम देतात: बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं सुजलेलं, थोडं वाकवलेल्या स्थितीत धरलेलं, कंडरेच्या पूर्ण मार्गावर दाबल्यास दुखणारं, आणि ते दुसऱ्याने हलकेच सरळ करताच जीवघेणी कळ. हा पू बंद आवरणात कोंडलेला असतो. तो कंडरेचा रक्तपुरवठा तोडतो आणि करंगळी किंवा अंगठा असेल तर तळव्यातून मनगटापर्यंत पोचू शकतो. असा रुग्ण सोनोग्राफीच्या रांगेत बसवायचा नसतो. त्याला तासांच्या आत हाताचा सर्जन हवा. आत काट्याचा तुकडा राहिला आहे का, हे पाहायला सोनोग्राफी उपयोगी पडते, पण ती ऑपरेशनच्या आड येता कामा नये.

आपल्याकडे एका व्यवहारी अडचणीचाही उल्लेख करायला हवा. युरोपात अनेक संधिवाततज्ज्ञ आपल्याच खोलीत प्रोब हातात घेऊन कंडरा पाहतात. भारतात गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी यंत्र असलेलं प्रत्येक केंद्र नोंदवावं लागतं, तिथे फक्त मनगटं आणि घोटे तपासले जात असले तरी. महाराष्ट्राने तर देशाच्या आधी, १९८८ मध्येच असा कायदा केला. मुलींच्या घटत्या संख्येने ही वेळ आणली आणि या कायद्याची गरज मला पूर्णपणे मान्य आहे. त्याचा एक परिणाम असा की तपासणारा डॉक्टर आणि चित्र काढणारा डॉक्टर बहुतेक वेळा वेगवेगळ्या इमारतींत असतात. तपासणाऱ्याने चिठ्ठीवर नुसतं ‘उजव्या मनगटाची सोनोग्राफी’ असं लिहिलं, तर दुसऱ्या टोकाला काय शोधायचं हे कळत नाही. ‘पहिला भोगदा, मधला पडदा आहे का, अंगठ्याच्या सांध्यात पाणी आहे का’ असं लिहिलं तर त्याच यंत्रातून दुप्पट माहिती मिळते. रुग्णानेही सोनोग्राफीच्या टेबलावर सगळ्यात जास्त कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवावं, पूर्ण तळहाताने नव्हे.

डी क्वेर्वेनच्या आजारात स्टिरॉइडचं इंजेक्शन सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत दिलं, तर सुईचं टोक कंडरेच्या आत न जाता आवरणात शिरताना दिसतं आणि औषध कंडरेभोवती पसरताना दिसतं. भोगद्यात मधला पडदा असेल तर दोन्ही कप्प्यांत औषध द्यावं लागतं. औषध आवरणाबाहेर त्वचेखाली सांडलं तर त्या जागी त्वचा पांढुरकी पडते आणि खाली खळगा होतो. सावळ्या त्वचेवर तो डाग महिनोन् महिने उठून दिसतो, म्हणून हे आधी सांगून ठेवणं डॉक्टरांचं काम आहे. बहुसंख्य रुग्णांना एकदोन इंजेक्शनांनी आराम पडतो. ज्यांना पडत नाही त्यांच्यासाठी हातापुरती भूल देऊन छोटी शस्त्रक्रिया असते: पट्टा उघडायचा आणि कंडरा मोकळ्या करायच्या. त्वचेखालून अंगठ्याच्या पाठीकडे जाणारी संवेदनेची बारीक नस तिथेच आडवी येते. तिला धक्का लागला तर मूळ दुखणं परवडलं अशी जळजळ मागे राहते, म्हणून सर्जन तिला आधी शोधून बाजूला करतो. आणि पट्टा उघडल्यावर तो थांबत नाही. दोन्ही कंडरा एकेक करून उचलतो, अंगठा हलवून पाहतो आणि आत दुसरा बंद कप्पा उरलेला नाही याची खात्री करून मगच टाके घालतो.